लहरींचा शोध

सिकंदर बसस्थानकावर जयसिंगपूरच्या गाडीची वाट बघत बसला होता. शेजारी कालिंदीआत्या आपल्या भाचीला, अंतराला, दाखवायला त्याच गावी निघाली होती.

"पोराकडच्यांनी विचारलं, पोरगी काय करती, तर काय सांगशील?"

"पुण्यात गुरुत्वीय लहरी शोधते."

"लहरी माणूस हुडकायला पुण्याला कशाला जायाचं? तुझा बा हाय की घरात."

"लहरी म्हणजे लाटा, आत्या. दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात. त्याचा हादरा इथवर येतो."

"आदळलं कवा?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"मंजे रक्षाविसर्जनबी आटपलं, आणि तू आता कान लावून बसलीस."

"लग्नानंतरही मी हेच करणार. आज तसं सांगणार आहे."

"सांग की. मग बस जन्मभर एकटी, ह्या पावण्यांगत."

सिकंदरनं मान वर केली.

"माझं लग्न झालतं, ताई."

"मग बायकू कुठं हाय?"

"रमजानात गेली."

कालिंदीआत्यानं पिशवी उगीचच मांडीवर घेतली. मग ती भाचीला म्हणाली,

"तिथं काय सांगायचं ते तूच सांग. मी मधी बोलणार न्हाई. माझं तोंडच वाईट हाय."