आमच्याकडे कुत्रं नाही, डॉक्टर

— नाही हो ताई, चावत नाही तो, बसा बिनधास्त. उलट तुमच्या मांजरीच्या टोपलीचं झाकण नीट लावा, कुत्रा असून हा बंड्याच घाबरतो. जंताच्या गोळीलाच आलात ना? आम्हीही. चुकवू नका बरं. आमची बायको, भिमा — ती काय, गेटबाहेर चहा घेतेय, ती — तिच्या लिव्हरवर गाठ निघाली, पाण्याची, नारळाएवढी! कोणामुळे? या साहेबांमुळे. मटणवाला याला कच्ची आतडी टाकायचा, त्यातून याला जंत; त्या जंतांची अंडी याच्या अंगाला, आणि ही याला कुरवाळून त्याच हाताने भाकरी मोडणार — मग होईल काय दुसरं?

गंमत तर पुढेच. सर्जननं विचारलं, घरी कुत्रं आहे का? साडीला याचे केस चिकटलेले, आणि ही ठणकावून सांगते — आमच्याकडे कुत्रं नाही, डॉक्टर! का? तर म्हणे, म्युनिसिपालटीची गाडी येऊन उचलून नेईल त्याला. शेवटी मीच खरं सांगितलं, तर बाई माझ्याशी बोलेना. ऑपरेशन झालं, डोळे उघडले, पहिला प्रश्न काय — बंड्या जेवला का? मी जेवलो का, ते नाही हं!

राग नाही येणार? आलाच. म्हणजे — राग कसला, घाबरलो होतो मी. ती तिकडे नळ्या लावून पडलेली, आणि हा घरात तिच्या चपलेवर डोकं ठेवून. म्हटलं, तुझ्यामुळेच सगळं. घातला रिक्षात — माझीच रिक्षा आहे — आणि सोडला थेट इगतपुरीला, घाटाच्या तोंडाशी, धो धो पावसात. निघालो. आरशात बघतो, तर हा मागे धावत नाही, भुंकत नाही — सोडला तिथेच बसलेला. जसं काही मी पाणी प्यायला गेलोय आणि येणारच आहे. ताई, मला पुढचा गिअर टाकवेना.

आणला परत. नंतर हे इथले डॉक्टर म्हणतात, झुंबरराव, कुत्रं कशाला सोडायचं? वेळेवर गोळी द्या, कच्चं मांस बंद, हात धुवा. एवढंच! पण तेव्हापासून हा रिक्षात पाय ठेवत नाही. आजही चालतच आलो. हिला इगतपुरीचं ठाऊक नाही; सांगितलं, रिक्षातला गॅस संपलाय. कालही संपला होता. परवाही. ती काही विचारत नाही, नुसती याच्याकडे बघते, मग माझ्याकडे —

आली ती. ताई, आता तुम्ही बोला. मांजरीचं सांगा. काहीही सांगा, पण बोला —