भालदाराचा चेहरा

आमच्या गावातल्या लालबाग भागात, डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर सतरावा होता. शेजारच्या बाकावर एक शिक्षिका धोंडू पेंटरांना काहीतरी पटवत होत्या. पेंटरांची बायको सुशीलाबाई खिडकीपाशी पर्ची बनवायला गेली होती.

"रविवारपासून आपल्या वाचनालयात चित्रांवर व्याख्यानं सुरू करतोय, धोंडूभाऊ. पहिलं भाषण तुमचं."

"काय मॅडम! मी भिंती रंगवणारा माणूस. मी काय बोलू?"

"भिंतींवरच बोला. लग्नघराच्या दारापाशी तुम्ही भाला घेतलेला भालदार काढता ना, त्याचा चेहरा इथून नदीपलीकडच्या जैनाबादपर्यंत एकच कसा?"

"हळू बोला ना. सासरा आहे तो माझा."

"बापरे, एवढा मान?"

"मान कसला! पेंटरला पोरगी देत नाही म्हणे. दोन वर्षं दारात उभं ठेवलं मला. म्हटलं, अच्छा? आता तुम्ही उभे राहा, गावभर."

"मग हेच सांगा रविवारी!"

"अन् ही पुढच्याच खुर्चीत बसेल, तिचं काय? तिला वाटतं, मी आदरानं काढतो. दर भालदारापुढे थांबून हात जोडते बिचारी."

"कोण बिचारी?"

"अरे, आली तू? झाली पर्ची?"

"झाली. आणि मला पहिल्या भिंतीपासून माहीत आहे. खुशाल बोला रविवारी."

"माहीत आहे? मग हात कशाला जोडते?"

"बाबांना म्हणते, तेव्हाच हो म्हटलं असतं, तर बसायला खुर्ची काढली असती यांनी."