दोन अर्जांवरची एक सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि येत्या सोमवारी आपल्या नगरपालिकेचे नगराध्यक्ष होऊ घातलेले माननीय बाबाजीशेठ. व्यासपीठावरचे सन्माननीय नवनिर्वाचित नगरसेवक. त्यांतले सहा नंबर वॉर्डातून बिनविरोध निवडून आलेले, एके काळचे माझे विद्यार्थी श्री. दाजी, रोह्याहून आणि कोलाडहून वाट वाकडी करून आलेले पाहुणे, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं मास्तरकी केली. पाच मिनिटांत माझी हजेरीसुद्धा घेऊन होत नसे. तेव्हा अध्यक्षांनी थोडं सांभाळून घ्यावं.

आत्ताच मला शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. मानपत्राचं वाचन फार सुंदर झालं. त्यात मला ‘सहा नंबर वॉर्डाच्या एकोप्याचे शिल्पकार’ म्हटलं आहे. पुढे असंही वाक्य आहे की, ‘ज्यांच्या एका सहीने हा वॉर्ड यंदाही बिनविरोध झाला.’ ज्याने कुणी लिहिलं त्याचं मी मनापासून अभिनंदन करतो. इतकं खरं वाक्य मानपत्रात सहसा सापडत नाही. ते खरं कसं आहे तेवढं सांगतो आणि खाली बसतो.

पाहुण्यांना ठाऊक नसेल. सहा नंबर वॉर्ड म्हणजे वरची आळी आणि मोहल्ला. मध्ये एक विहीर. सदुसष्ट साली निवडणूक आली तेव्हा दोन्हीकडची जाणती माणसं त्या विहिरीच्या कठड्यावर बसली आणि ठरलं, की आपसांत लढायचं नाही. एकदा आळीचा माणूस, एकदा मोहल्ल्याचा. ज्याची पाळी असेल त्याने देवीला नारळ द्यायचा, पिराला चादर चढवायची आणि मगच अर्ज भरायला जायचं. आणि अर्जावर सूचक म्हणून सही कुणाची? तर मास्तराची. कारण मास्तर गागोद्याकडून बदलून आलेला, ना आळीचा ना मोहल्ल्याचा. मी तेव्हा तरुण होतो, मला तो मोठाच मान वाटला. आजही वाटतो, म्हणून तर बोलायला उभा राहिलो.

सदुसष्टला आळीची पाळी झाली. चौऱ्याहत्तरला मोहल्ल्यातून सुलेमानभाई निवडून आले. पुढची निवडणूक सरकारने अकरा वर्षं घेतलीच नाही, म्हणून सुलेमानभाई अकरा वर्षं नगरसेवक राहिले. आळीतला पहिला नळ त्यांच्या काळात आला आणि मोहल्ल्यातला त्याच्यानंतर, हे इथल्या बायांना विचारा. पंच्याऐंशीला पुन्हा आळी. आणि यंदा मोहल्ल्याची पाळी. सुलेमानभाई आता नाहीत, तर त्यांचा मुलगा शरीफ उभा राहणार, हे विहिरीवर सगळ्यांसमोर ठरलं. त्या बैठकीत दाजी होते. ‘शरीफच बरोबर हाय’ असं म्हणणारा पहिला आवाज त्यांचा होता. शरीफच्या हातात तेव्हा मस्कतच्या नोकरीचा व्हिसा होता. त्याने तो सोडला.

सोमवारी मी शरीफच्या अर्जावर सही केली. मंगळवारी सकाळी दाजी माझ्या घरी आले. पायाला हात लावला. सोबत नव्या पोह्यांची पिशवी होती, बाबाजीशेठच्या गिरणीतली. आणि एक अर्ज.

म्हणाले, “गुरुजी, डमी अर्ज हाय. शरीफच्या कागदात काय खोट निघाली तर जागा बाहेरच्याच्या घशात नको जायला. माघारीच्या दिवशी मी काढून घेतो.”

मी विचारलं, “अरे, पण शरीफचा अर्ज अजून जायचाय. डमी अर्ज मूळ अर्जाच्या आधी भरतात का?”

“मागाहून हापिसात गर्दी व्हते, गुरुजी.”

मंडळी, मला शंका आली होती. हे मी आज पहिल्यांदा चार लोकांत कबूल करतो आहे. शंका आली, आणि तरी मी सही केली. का केली? तर तो पाया पडला म्हणून. आपला विद्यार्थी आपल्याशी खोटं बोलणार नाही, असं मानायला मास्तराला फार आवडतं. मला म्हातारपणी जरा जास्तच आवडायला लागलं होतं.

दाजींचा अर्ज मंगळवारीच दाखल झाला. शरीफ मात्र पद्धतीने चालला. देवीचा वार आणि पिराचाही, म्हणून थांबून शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, तो नारळ घेऊन देवळात गेला. गुरव शेतावर गेले होते, त्यांची वाट बघत हा मोहल्ल्याचा मुलगा देवीच्या पायरीवर तासभर बसून राहिला. मग पिराला चादर चढवली, आणि अडीच वाजता अर्ज दिला. छाननीच्या दिवशी निवडणुकीच्या साहेबांनी नियम वाचून दाखवला. एका जागेसाठी एका सूचकाची एकच सही चालते. दोन अर्ज आले तर जो आधी आला तो खरा. साहेबांचा काहीच दोष नाही, त्यांनी कागदात होतं ते वाचलं. शरीफचा अर्ज बाद झाला. देवीचा आणि पिराचा मान राखला नसता आणि सोमवारीच धावत गेला असता, तर आज या खुर्चीवर तो असता.

चिठ्ठी आली आहे. ‘वेळ संपली.’ वाचली. आभारी आहे.

माघारीला तीन दिवस होते. मी दाजींच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांच्या पत्नी मालूताईंनी दारातून सांगितलं, ‘ते पेणला गेल्यात.’ तिसऱ्या वेळी ते ओटीवरच सापडले. मी म्हटलं, दाजी, माघार घे, जागा रिकामी राहील, पुन्हा निवडणूक लागेल, पण गावाचा शब्द राहील.

ते म्हणाले, “गुरुजी, त्यांनी अकरा वर्सं खाल्ली. आमच्या वाट्याला सहाच आली. तेव्हा तुमी काय बोलला नाय.”

आता खरं सांगतो, या तक्रारीत तथ्य आहे. पंच्याऐंशी सालीच ती विहिरीवर आणली असती तर मी स्वतः म्हटलं असतं की आळीला लागोपाठ दोन पाळ्या द्या. सुलेमानभाई ‘नाय’ म्हणाले नसते, इतका मी त्यांना ओळखत होतो. पण ती तक्रार तेव्हा कुणाला आठवली नाही. ती आठवली यंदा, जेव्हा सतरांच्या सभागृहात आठ इकडे आणि आठ तिकडे होणार असं दिसू लागलं, आणि नगराध्यक्ष कोण हे सहा नंबर वॉर्डाच्या एका हातावर येऊन ठेपलं. शरीफ कुणाला मत देईल याची खात्री नव्हती. दाजींची होती. बाबाजीशेठ, पाणी घ्या, आज उकाडा फार आहे.

मी राजकारणातला नाही. कुणी नगराध्यक्ष व्हावं, कुणी होऊ नये, हे सांगायला मी आलेलो नाही. दाजी, तुम्ही लढून निवडून आला असतात, तर हरलेल्यांच्या आधी मी हार घातला असता. पण तुम्ही लढलाच नाहीत. तुम्ही एका म्हाताऱ्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता, तो वापरलात, आणि वर त्याला शाल पांघरलीत.

छाननीच्या दुसऱ्या दिवशी सुलेमानभाईंच्या पत्नी, अजराबी, माझ्याकडे आल्या. मला वाटलं, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवर बसून हळू आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, वकील सांगत व्हता, दोन-तीन अर्ज भरा, येगयेगळ्या सह्या घ्या. शरीफ म्हणाला, नको, गुरुजींची सही हाय, आनिक कुणाची घेतली तर त्यांना वाईट वाटंल.”

एवढंच बोलल्या आणि उठल्या. इतक्या वर्षांत आमच्या घरी चहा घेतल्याशिवाय त्या कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी आमच्या हिने कप पुढे केला, तर त्यांनी तो हात लावून परत केला. तेव्हापासून मला रात्रीचं जेवण जात नाही. व्हिसाची मुदत गेली. शरीफ आता धाटावच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे शिफ्ट करतो. माझ्या बायकोने विचारलं, तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत? चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असा प्रश्न विचारावा, याहून मोठं मानपत्र मला कोण देणार?

निवडून आलेल्यांची नावं जाहीर झाली त्याला आज आठ दिवस झाले. कोर्टात दाद मागायला दहा दिवस असतात. शरीफ जायला तयार नव्हता. म्हणाला, “गुरुजी, कोर्टात तुमचं नाव निघंल. लोक म्हणतील, मास्तरांनी दोन्हीकडं सही केली.” मी म्हटलं, म्हणू देत, ते खरंच आहे. शेवटी काल तो तयार झाला. उद्या पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघं अलिबागला जातो आहोत. दाजी मला काय सांगून सही घेऊन गेले, ते मी तिथे शपथेवर सांगणार आहे. शंका येऊनही मी सही केली, तेही सांगणार आहे. निकाल काय लागायचा तो लागो. दाजी, तुम्ही मान खाली घालून बसू नका. वर्गात चूक सापडली की तुम्ही असेच बसायचात, आणि मी दर वेळी सोडून द्यायचो. तिथेच माझं चुकलं असेल.

यापुढे सहा नंबर वॉर्डात मी कुणाचाही सूचक होणार नाही. ज्याला उभं राहायचं त्याने चार सह्या घ्याव्यात, चार अर्ज भरावेत, आणि शेजाऱ्यावर नजर ठेवावी. आपण आता शहाणे झालो आहोत.

संयोजकांनी हॉल छान सजवला, लाऊडस्पीकरवाल्याने मध्येच तार काढली नाही, आपण सगळ्यांनी कडू गोष्ट शांतपणे ऐकलीत, त्याबद्दल आभार. शाल आणि मानपत्र टेबलावर ठेवतो आहे. नारळ तेवढा देवीला देईन. बोलण्यात शब्द खालीवर झाला असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्यावं. सहीबद्दल मात्र मी आपली क्षमा मागत नाही. ती क्षमा ज्यांनी करायची त्या अजराबींना या कार्यक्रमाची पत्रिकाच गेलेली नाही.