फुलीचं बटण आणि मार्लिसचा फोन

...आणि फोन कोणाला? मला! डुलूथमध्ये दारातला बर्फ उपसत बसलेल्या मलाच! तुम्हाला सांगतो, आमचं मासेमारीच्या सामानाचं ऑनलाइन दुकान, सगळे आपापल्या घरातून काम करणार, कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही... खरेदीच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर एक फुली, दाबली की ती वस्तू जावी, बस्स! त्या फुलीच्या कोडमध्ये मी काय लिहिलं? फुली किमतीशेजारी ज्या डब्यात आहे, तो तिचा पेरेंट, म्हणजे तिला पोटात घेणारा, आणि तो डबा ज्या ओळीत, ती त्याचा पेरेंट. दोनदा पेरेंटएलिमेंट, दोन पायऱ्या वर, ओळ उडव! चुकलं काय?

पण आयोवात बसून पान सजवणारी आमची मार्लिस... तिला चैन पडेल तर शपथ! फुलीभोवती आणखी एक डबा घालते, 'जरा मोकळं दिसतं रे!' झालं! दोन पायऱ्यांत ओळ गाठतच नाही, गिऱ्हाईक यादीतून गळाला लावायची गांडुळं काढतं, फुली आणि किंमत जाते, गांडुळं तिथेच! मग बाईसाहेब सगळेच डबे काढतात, आता दोन पायऱ्या म्हणजे अख्खी यादी! गांडुळांबरोबर होडीसुद्धा गायब! आणि फोन कोणाला? मला!

'अरे वर्लिन, होडी गेली रे! ...आणि जेवलास का? की परत उभ्याउभ्या दूध-सिरियल?' मी कुरकुरत पायऱ्या मोजतो, ती तोवर रात्रीच्या जेवणाची हॉटडिश ओव्हनमध्ये सरकवते, शेजारणीला नावं ठेवते... बायको डेन्व्हरला गेल्यापासून, कुत्र्यासकट हो, घर खायला उठतं. ती फोनवर असते तेवढा वेळ उठत नाही.

परवा म्हणाली, 'मोजतोस कशाला? क्लोजेस्ट लिही, ओळीचं नाव दे, वर चढत चढत ते आपणच ओळ शोधतं! मी कितीही डबे घालू दे! सुटलास माझ्या त्रासातून!' मी म्हटलं, 'वा, सुटलो एकदाचा!' ...असं म्हणतं का हो कोणी?

लिहिलं. मार्लिसने डबे घातले, काढले, परत घातले... फुली बरोब्बर चालते! गांडुळं जातात, होडी राहते! आणि फोन कोणाला?...

काल वाजला हो! धावलो, सूप सांडलं हातावर... गाडीची वॉरंटी विकणाऱ्यांचा निघाला. रेकॉर्ड केलेली बाई. शेवटपर्यंत ऐकली. म्हणाली, 'पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.'

दाबला.