गार टेबल आणि कोरा चेहरा

"आधी तू झोप."

आदरणीय अध्यक्ष हॉग्लंडसाहेब, व्यासपीठावरचे रुग्णालयाचे एक्स-रे विभागप्रमुख मेरिट सॉयर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आयली कोस्केलाबाई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

हे वाक्य मी ड्युलुथच्या या कॉलेजात पहिल्याच दिवशी ऐकलं. नवे बूट घालून मी एक्स-रेच्या यंत्रापाशी उभी होते. बटण कधी दाबायला मिळणार, एवढंच डोक्यात. बाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं. यंत्र बंदच होतं. मी झोपले. टेबल गार, पाठीला टोचणारं. आणि बाई चक्क कॉफी प्यायला निघून गेल्या!

परत आल्यावर विचारलं, "काय वाटलं?"

"बाई, पाठीचं पार लाकूड झालं. आणि तुम्ही मला विसरलात, असं वाटलं."

"बरं झालं. उद्यापासून पेशंटला हात लावायला हरकत नाही."

ही पद्धत बाईंनी कुणासाठीही मोडली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेलं, पण त्या टेबलावर न झोपलेलं इथे कोण आहे? हॉग्लंडसाहेब, आपण सुटलात. आपल्या खुर्चीला गादी आहे.

दुसरा धडा चेहऱ्याचा. फोटो सर्वांत आधी आपल्याला दिसतो. काय झालंय ते सांगायचं काम मात्र डॉक्टरांचं. तोवर पेशंट आपला चेहरा वाचत बसतो. मेरिट शिकत होता तेव्हा एका खाणकामगाराच्या छातीचा फोटो पाहून त्याची भुवई वर गेली. तो धिप्पाड माणूस तिथेच रडू लागला. बाई बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिल्या. नंतर मेरिटला एवढंच म्हणाल्या, "उद्या येताना भुवई घरी ठेवून ये." मग काय, आम्ही सगळे कोरा चेहरा घोटत आरशासमोर! मेरिट, हसतोस काय? आता तुझ्या तोंडावरून तुझ्या बायकोलाही काही कळत नाही म्हणे.

फेब्रुवारीत बाई पार्किंगमध्ये बर्फावर पडल्या. तेव्हापासून लंगडतात. आता मे आला, बर्फ गेला, लंगडणं वाढलं. कुणी विचारलं की म्हणतात, "थंडी बाधली." फोटो काढू देत नाहीत. परवा कॅन्टीनमध्ये मी फारच मागे लागले, तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला.

"डेल्फीन, फोटो बघून तू मला कोणता चेहरा दाखवणार? मीच शिकवलेला ना? तो कोरा चेहरा समोर आला, की मला भीती वाटेल गं."

आणि पुन्हा सूप प्यायला लागल्या.

या समारंभासाठी राबलेल्या सगळ्यांचे, आणि एवढा मोठा केक भाजून आणणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे मनापासून आभार. चारचौघांत बोलू नये ते मी बोलून गेले असेन, तर आपण आणि बाईंनी ते पदरात घ्यावं.

बाई, सोमवारी सकाळी पहिली खोली मी रिकामी ठेवली आहे. टेबलावर गरम चादर घालीन. कॉफीला जाणार नाही. माझा चेहरा जसा होईल तसा होऊ देईन. तेवढ्यापुरता तुमचा धडा मोडेन. तुमची मान आत्ताच नाही म्हणून हलते आहे, ती मला इथून दिसते. तरी विचारते. निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला जायच्या आधी, एकदा तुम्ही झोपाल?