बाळंतिणीची खारीक

माझं माहेर येलदरीच्या अंगाला, धरणाच्या खालच्या बाजूला, अन् दिलं मला इकडं ताडकळसला, किराण्याच्या घरात. माहेरी खारीक दिसायची ती लग्नाच्या ओटीत, अन् इथं बगते तर पोत्यानं खारीक, मला वाटलं मजाच हाय आता, वाटंल तव्हा तोंडात टाकीन. कशाची मजा! सासूबाईनं पहिल्याच म्हैन्यात पुढ्यात परात सरकवली अन् मनली बिया काढ. बिया काढता काढता जिंदगानी गेली बगा ताई. तुमी लिहून घ्यायलाव ते घ्या, पण मधी मधी इचारू नका, मी मग भलतीकडंच जाते.

तर ही कला सासूबाईची. गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली का आमच्याकडं सांगावा यायचा, भरली खारीक करून द्या. आता पोरी मोबाईलवर बगून खजूर भरायल्यात, आत बदाम कोंबला, वरून चॉकलेट ओतलं, झालं. चांगलं लागतं, न्हाई मनत न्हाई, माझ्या भाचेसुनेनं आणलते, मीबी खाल्ले. पण तो झाला खाऊ. बाळंतिणीची खारीक येगळी. रातभर दुधात भिजू घालायची, फुगली का एकाच अंगानं चीर द्यायची, पल्याड सुरी लागली का गेली कामातून, सारण भाईर येतं. मग बी काढायची. सारणाला खोबरं, खसखस, बदाम, गोडंबी, अन् तुपात फुलवलेला डिंक. डिंक हातानंच चुरायचा, मिक्सरात घातला का पीठ होतं अन् दाताला चिकटतं, कितीदा सांगितलं लोकायला, ऐकतंय कोण! मग भरायची, दोऱ्यानं बांधायची अन् तुपात हलकी परतायची. बाळंतिणीनं सकाळी एक खाल्ली, वरून दूध पेलं, का चार दिवसात पदर ओला. एखादीला दूध उतरंना का तिची सासू माझ्या दारात, मनायची अक्का, जरा डिंक वाढवा. मी वाढवायची. येवढं एक मला येतंय बगा, बाकी काडीचं येत न्हाई.

आता माझ्या लेकीचं सांगते. शिवकन्या नाव, आमी शिवू मनतो, येकच लेक. पालमला दिली, जावई एसटीत कंडक्टर हायत, गरीब माणूस, बोलतबी हळू, बसमदी कसं ओरडत असतील मला कोडंच हाय. लग्नाला वर्सं झाली, नवस झाले, दवाखाने झाले, मग कुठं महादेव पावला. सातव्यात मी तिला घेऊन आले. काय सांगू तुमाला, मी दुकानातल्या पोत्यातून येक येक खारीक निवडायची, मोठी, मांसल, सुरकुती कमी असलेली, अन् डब्यात टाकायची. आमचे मालक चिडायचे, मनायचे गिऱ्हाइकाला काय बारका माल देऊ का. मी मनले द्या, माझ्या शिवूचं बाळंतपण काय रोज हाय का.

दिवस भरत आलते. येक दिवस सकाळी पोरगी मोरीपाशी उभी, मनली माय, हालंना झालंय गं. मी मनले झोपलं असंल, गूळ-पाणी पे. पेली. तरी पोटात काही हाललं न्हाई. मग मालकानं गाडी आणली, परभणीला नेलं, डॉक्टरीण बाईनं मशीन फिरवलं, परत फिरवलं, अन् मग मशीनवरून हात काढून घेतला. मला तव्हाच कळलं. तरी कळा द्याव्याच लागल्या तिला ताई! सगळं तसंच, जित्या लेकरासाठी असतं तसंच, रात काढली तिनं त्या कळात, अन् मी भाईर बाकड्यावर पदर तोंडात कोंबून. पोरगी झाली होती. जावई अन् मालक कापडात गुंडाळून घेऊन गेले, पुरून आले, आमच्या जंगम स्वामींनी जे करायचं ते केलं. मला मनले तुमी बगू नका, जीव लागंल. मी बगितलं न्हाई. जीव काय बगितल्यावरच लागत असतो का?

घरी आलो. मालकानं सगळ्यायला सांगून टाकलं, हा इषय घरात काढायचा न्हाई. पालमच्या इहीनबाईचा फोन आला, मनली आता ती काय बाळंतीण न्हाई, डिंक-खारीक अजाबात देऊ नका, हातापायाला काम लावा, इसरंल. मी हौ मनले. काय बोलू मी तरी, डॉक्टरीणबी मनली होती का दूध वाढंल असं काही देऊ नका.

अन् दूध आलं. आलंच की वो. त्येला काय ठाव लेकरू हाय का न्हाई. छाती दगडावानी झाली, अंगात ताप भरला, पोरगी दात आवळून भिताडाकडं तोंड करून पडायली. गोळी दिली, घट्ट कापड बांधलं. नर्स मनली पत्ताकोबीची थंड पानं ठिवा, उतार पडतो, म्हून मालक बाजारात गेले अन् पिशवीभर पत्ताकोबी घेऊन आले, तर बाजारात लोकं इचारायलेत, आप्पा, घरी कार्य हाय का काय? हौ मनले ते. दुसरं काय मनावं माणसानं. घरी येऊन पिशवी ठिवली अन् दुकानात जाऊन बसले, त्या दिवशी जेवले न्हाईत. आता मला सांगा ताई, दूध आणायचं मला ठाव हाय, गावातल्या निम्म्या लेकरायचं दूध माझ्या हातचं हाय, पण आलेलं दूध परत कसं धाडायचं ते मला कुणी शिकवलंच न्हाई. सासूबाईलाबी येत नसंल. मी नुस्ती पानं बदलायची. गरम झालेलं पान काढायचं, थंड ठिवायचं.

खारकेची कामं मी बंद केली. कुणी आलं का मनायची हात दुखायलाय. पण समोरची नफिसा बाळंत झाली, तिला माय न्हाई, सासू न्हाई, नवरा बिचारा रिक्षावर, अन् लेकरू दिवसभर किरकिर किरकिर करायलं, दूधच पुरंना त्येला. ती काही मागायला आली न्हाई हो, लाजली. पण ते रडणं आमच्या घरात यायचं, अन् शिवू आत पडलेली. दोघी पोरी माझ्या पुढ्यात, येकीला दूध न्हाई अन् येकीचं थांबंना. मी काय करू? मी खारीक भिजू घातली.

दुसऱ्या दिवशी शिवूला मालकासंगं दुकानात बसवलं, मागलं दार लावलं, खिडकी लावली, अन् डिंक तळला. पण डिंकाचा वास कोंडतोय का कुठं! तो गल्लीभर गेला. मागल्या गल्लीत आमची कमळामावशी ऱ्हाती, म्हातारी हाय, लय दिवस नांदेडला लेकाकडं होती, तिला मधलं काहीच ठाव न्हाई. शिवू बाळंतपणाला आलीय येवढं मात्र ठाव. वास आला का म्हातारी निघाली, हातात बाळाच्या डोक्यावर घालायची कुंची, सवता शिवलेली, कडंला झालर लावलेली. नेमकी शिवूबी तव्हाच दुकानातून पाणी प्यायला घरी आली. मावशीनं दारातूनच कालवा केला, काय गं शिवू, लपून बसलीस व्हय, पेढा का बर्फी?

मी झारा तसाच कढईत सोडला. मी धावले, मनले मावशी, इकडं या, इकडं चुलीपाशी या, मला तोंड दाबावं वाटलं तिचं. पण शिवू हालली न्हाई. मनली, बर्फी मावशी. पोरगी झाली होती. ऱ्हायली न्हाई.

मावशी दारात मटकन बसली. शिवू सांगायली, मी अन् मावशी आईकायलाव. मनली जावळ लय होतं मावशी, काळंभोर, ओलं ओलं, अन् बोटं लांब होती, नर्सनं मला दाखवली, मी मांडीवर घेतली होती. घरात हे कुणालाच ठाव नव्हतं ताई. मला वाटायचं माझ्या लेकीनं काहीच बगितलेलं न्हाई, म्हून आमी सगळे गप. अन् तिनं तर लेकरू मांडीवर घेतलं होतं, नाक-डोळे बगितले होते, अन् येवढे दिवस ती आमच्यासाठी गप बसली होती. मी कसंबसं इचारलं, नाक कुणाचं होतं गं? मनली तुझं. फेंदरं. अन् हसली ताई, खरंच हसली, अन् मग जे रडली, मावशीच्या मांडीत डोकं खुपसून, मला वाटलं आता हिचा जीव जातोय.

रडून झाल्यावर तोंड धुतलं. कुंचीची घडी घातली, आपल्या पिशवीत ठिवली. मावशी परत घ्यायला लागली तर मनली न्हाई, तिच्यासाठीच आणली ना. मग परातीकडं बगून मला मनली, माय, येक मला दे.

मी मनले बाळा, डॉक्टरीण न्हाई मनलीय, तुझी सासू न्हाई मनलीय, परत दूध वाढंल, परत ताप यील. तर मनली, समद्या गावाला खाऊ घातलीस, मी बाळंतीण हाय का न्हाई ते सांग.

काय सांगू तुमाला. इतक्या वर्सात हे मला कुणी इचारलं नव्हतं. मी दोरा सोडला अन् खारीक तिच्या हातात दिली. चूक केली का बरोबर केलं, तुमी शिकलेल्या हायत, तुमालाबी सांगता यायचं न्हाई. सावकाश खाल्ली तिनं, समदी खाल्ली. उरलेल्या नफिसाकडं सवताच घेऊन गेली. तिथं लेकरू घेतलं का न्हाई मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई.

दिवस बुडाला अन् तिचा झंपर परत ओला झाला. मी पानं आणायला उठले तर मनली बस गं, येऊ दे. येऊ दे मनली. तव्हापसून मी पानं ठिवायची सोडली. आता पालमहून जावई न्यायला येणार हायत, ती जायील, जायलाच पायजे, तिचं घर हाय ते. महादेवानं तिची कूस परत भरावी, दुसरं मी काय मागू. पण आजबी दिवस बुडायच्या वक्ताला ती हाक मारती, अन् मी टॉवेल घेऊन तिच्यापाशी जाऊन बसते. काही करता येत न्हाई. नुस्ती बसते.