खारोबाच्या मैदानाचं गाऱ्हाणं

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं वाकडं आहे. देवासमोर दिलेला शब्द माणसानं मोडावा का?

नाही, मोडू नये. बरोबर? पुढं बसलेल्या आजोबांनी मान हलवली. खांबाशी बसलेल्या मावशींनीही हलवली. पण आजोबा, शब्द काय दिला होता ते विचारलंत? मी तर अजून सांगितलाच नाही, आणि तुमचा निकाल देऊन झाला!

असू दे. ह्याच हलत्या मानेची गोष्ट आहे.

समुद्राकाठी कोंडसुरं नावाचं गाव. गावाचा देव खारोबा. देवळापुढं मैदान, मैदानावर कबड्डी. आणि देवासमोर गावाच्या वतीनं बोलायचा मान रवळू घाडीचा. तुम्ही घाटावरची मंडळी, तुम्हाला सांगायला हवं. कोकणात लग्न असो, विहीर खणणं असो, म्हैस व्यायची असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण खणखणीत आवाजात देवाला सांगतो, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांचा बरा कर," आणि सगळा गाव हात जोडून म्हणतो, "व्हय म्हाराजा!" प्रत्येक वाक्याला. अगदी तालात. बघू बरं, म्हणा माझ्यामागं.

बा देवा म्हाराजा, गावात पाऊसपाणी होऊ दे — *व्हय म्हाराजा!* — रोगराई टळू दे — *व्हय म्हाराजा!* — आणि कीर्तन संपल्यावर सतरंज्या हीच मंडळी गुंडाळतील — *व्हय म्हाराजा!*

छान. पेटीवाले, तुम्ही पण म्हणालात. लक्षात ठेवलंय.

तर रवळूतात्या. आवाज असा की खाडीपलीकडच्या गावातली कुत्री उठून बसायची. आणि आवाज मोठा म्हटल्यावर तोरा कसा लहान असेल? भर बाजारात, मासळीच्या पाट्यांसमोर उभे राहून ते सांगायचे, "ह्या तोंडात शब्द घालता एक तर खारोबा, नायतर मी. तिसऱ्याक थंय जागा नाय."

आणि पाठीमागून त्यांची बायको गुणाबाई विचारायची, "आणि घास कोण घालता?"

असा हा बाणा. किती टिकला? पुढच्या जत्रेपर्यंत टिकला.

त्याचं असं झालं. गावाचा कबड्डीचा संघ फार जोरात. नाव 'कातळ खेकडे'. हसताय? लोक आपल्याला टोमणा मारतात ना, की मराठी माणूस खेकड्यासारखा दुसऱ्याचे पाय ओढतो. अहो, कबड्डीत पाय ओढणं हाच धर्म आहे! तर खेकडे थेट टीव्हीवरच्या लीगमध्ये गेले. आणि लीगमध्ये गेल्यावर त्यांना मालक लागला. पुण्याचे रणधीर पाटणकर. म्हणजे बघा, पाय कोंडसुऱ्याचे, दम कोंडसुऱ्याचा, आणि संघ पाटणकरांचा. हल्ली असं असतं.

पाटणकर साहेबांना मैदान आवडेना. गाड्या लावायला जागा नाही, वाऱ्यानं जाहिरातींचे फलक उडतात, आणि ऐन सामन्यात देवळाची घंटा वाजते. साहेब म्हणाले, नवं स्टेडियम बांधू! गावापासून लांब, महामार्गावर, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. संघ तिकडे न्यायचा. आता पैसे कुणाचे? साहेबांचं मन मोठं. त्यांनी ठरवलं, पैसे गावाचे. कोंडसुऱ्याचं मैदान गहाण टाकायचं, त्यावर कर्ज काढायचं. स्टेडियम उभं राहिलं की मालक साहेब. हप्ते थकले की मैदान जाणार गावाचं. ह्याला म्हणतात भागीदारी.

देवस्थानच्या समितीनं चटकन सह्या केल्या. त्यांना नव्या स्टेडियमात थंड हवेच्या खोलीतून सामने दिसणार होते. पण कर्ज देणारी माणसं बिलंदर. ती म्हणाली, मैदान साऱ्या गावाचं आहे, साऱ्या गावाची संमती दाखवा.

आता साऱ्या गावाला एकदम 'हो' म्हणायला कसं लावायचं? ग्रामसभा बोलावली तर निम्मे भांडणार, निम्मे भांडण बघणार. साहेबांनी डोकं चालवलं.

जत्रेचा दिवस. मैदानावर मंडप. साहेबांनी रवळूतात्यांना शाल घातली, हातात माइक दिला आणि कानात एक बटण बसवलं.

"तात्या, आज संघासाठी मोठं गाऱ्हाणं घाला. थोडे कायद्याचे शब्द आहेत, आमचा माणूस कानात सांगेल. तुम्ही फक्त आवाज द्या. तुमच्यासारखा आवाज पुण्यात नाही."

संपलं! पुण्यात नाही म्हटल्यावर तात्यांची छाती शालीत मावेना. बाजारातला बाणा गेला पाट्यांखाली. तात्यांनी डोळे मिटले, गाऱ्हाणं सुरू केलं, आणि कानात आवाज आला. मंडळी, इतक्या वर्षांत खारोबा तात्यांशी कधी बोलला नव्हता. आज बोलला, तोही अस्सल सदाशिव पेठी मराठीत!

तात्या गरजले, "बा देवा खारोबा म्हाराजा, सदर मिळकतीवर प्रथम बोजा निर्माण करण्यास समस्त ग्रामस्थांची बिनशर्त नाहरकत असा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि सदर संघ अन्यत्र स्थलांतरित झाल्यास कोणतीही तक्रार असणार नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव म्हणाला. खांबाला टेकून झोपलेला म्हणाला. खाज्याच्या दुकानावरचा गिऱ्हाईकासकट म्हणाला. कॅमेरा चालू होता. साहेबांनी नारळ फोडला आणि जेवायला न थांबता गाडीत बसले. तिथंच कुणाला तरी शंका यायला हवी होती. वडे-सागोती सोडून माणूस जातो म्हणजे काहीतरी घेऊन जातो.

पाऊस सरला आणि मैदानाच्या कडेला पाटी लागली. 'ही मिळकत तारण आहे.' गावाला झटका बसला. लोक विचारायला लागले, संमती दिली कुणी? कुणीतरी फोनवर जत्रेतली चित्रफीत लावली. त्यात सगळा गाव हात जोडून उभा, आणि मध्ये शाल पांघरलेले तात्या.

मग काय! ज्यांनी ज्यांनी 'व्हय' म्हटलं होतं, ते सगळे तात्यांच्या अंगणात. "तात्यानू, तुम्ही गाव विकलात."

तात्या म्हणाले, "मी बोललंय, पण व्हय तर तुम्ही म्हटलात."

"आमी रोजच म्हणतो. ऐकता कोण?"

लोक गेल्यावर गुणाबाईनं विचारलं, "बोजा म्हणजे काय ता तुमका म्हायत होता?"

"नाय."

"मग बोललात कशाक?"

"आवाज बरो लागलेलो." तात्या मान खाली घालून म्हणाले. खोटं बोलले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

तात्या तडक पाटणकरांकडं गेले. साहेब विश्रामगृहावर शहाळं पीत होते. तात्या म्हणाले, "साहेब, ता गाऱ्हाणा रद्द करा. माका समाजलाच नव्हता."

साहेबांनी शहाळं खाली ठेवलं, हात जोडले. "तात्या, रद्द करणारा मी कोण? शब्द तुम्ही मला नाही दिलात, खारोबाला दिलात. देवासमोरचा शब्द मोडायचा? तुमच्यासारख्या माणसानं?"

बघा मंडळी, धर्म कुठून बोलायला लागला. ज्यानं देवाला साक्षीदार म्हणून भाड्यानं आणलं, तोच म्हणतो देवाला घाबरा! आणि तात्या घाबरले. खरंच घाबरले. घरी येऊन पडून राहिले. शब्द पाळला तर मैदान जातं, मोडला तर देव कोपतो. जावं कुठं?

(पेटीवाले, सूर धरा.)

*ओठ हलले, मन निजले, त्या होकारा काय मोल?*
*देव म्हणे मज नको बापा रिकाम्या घागरीचे बोल.*

इकडं मैदानावरून संघाचं सामान हलायला लागलं. कबड्डीची मॅट मासळीच्या टेम्पोत भरत होते. संघाचा कप्तान तन्वीर मुकादम, गावचाच पोर, बाजूला उभा होता. तात्या त्याच्याजवळ गेले.

"तन्वीर, संघ हलवू नकात म्हणून सांग मरे त्यांका."

तन्वीर म्हणाला, "तात्यानू, माझो करार असा, माझा कोण ऐकता? माका एक सांगा. चढाईक गेलंय आणि मधीच दम सुटलो तर काय होता?"

"बाद होतंस."

"तुमचो दम कधी सुटलो?"

टेम्पो गेला, पण तो प्रश्न तिथंच उभा राहिला.

आणि मग आलं आमंत्रण. नवं स्टेडियम अर्धमुर्धं उभं राहिलं होतं, सगळं उधारीवर. कर्जाचे पैसे सुटायचे होते. ते सोडण्याआधी कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेच्या राजाध्यक्ष मॅडम स्वतः येऊन गावाची खुशी पाहणार होत्या. साहेबांनी निरोप धाडला, उद्घाटनाला गाऱ्हाणं घाला. सगळ्या गावाला फुकट बस, फुकट जेवण.

गुणाबाई म्हणाली, "जाऊ नकात."

तात्या म्हणाले, "जातंय. पण कानात ह्या खेपेस कापूस घालून जातंय."

आता ते स्टेडियम कसं होतं, ऐका. छप्पर फक्त पाहुण्यांच्या बाजूला. बाकी जनता उन्हात. खाली निव्वळ कातळ. नारळ आपटला की फुटतो, खेळाडू आपटला की तोही. नळ होते, पाणी नव्हतं. दारावर एक माणूस खेकड्याचा भला मोठा पोशाख घालून स्वागताला उभा केलेला. तो आत शिरायला गेला आणि दारातच अडकला. सरळ जाईना, आडवा जाईना. खेकडा असून आडवा जाईना! शेवटी गाव त्याच्या नांग्यांखालून वाकून आत गेला.

मॅडम पहिल्या रांगेत. साहेबांनी तात्यांच्या हाती माइक दिला. कानात बटण घालायला गेले तर कापूस.

"तात्या, हे काय?"

"थंडी बाधता," तात्या म्हणाले. भर उन्हात.

आणि गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा खारोबा म्हाराजा, तुझा मैदान गहाण पडला, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आमी तुझ्या दारातली माती उचलून दुसऱ्याच्या घशात घातली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

तात्यांनी डोळे उघडून गावाकडं पाहिलं. सगळे हात जोडून, डोळे मिटून, लक्ष जेवणाच्या वासाकडं. पुन्हा तेच होत होतं. साहेब मॅडमना सांगत होते, पाहा, किती श्रद्धा!

तात्या आणखी मोठ्यानं म्हणाले, "आमी सगळे गाढव असाव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या पाठीर कोणीय बोजो टाकूचो, म्हाराजा."

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा."

बायकांच्या रांगेतून आवाज आला. गुणाबाईचा. ओरडली नाही ती. भाजीवाल्याला भाव सांगावा तसं म्हणाली.

मंडळी, कोंडसुऱ्याच्या इतिहासात गाऱ्हाण्याला कुणी 'नाय' म्हटलं नव्हतं! लोकांचे डोळे खाडकन उघडले. तात्यांचं गाऱ्हाणं मध्येच अडकलं, आणि अडकलेलं गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय ना फीत कापता येते, ना जेवता येतं.

तात्यांनी मग जत्रेतल्या त्या वाक्याचा सोप्या भाषेत प्रश्न केला. हळू, एकेक शब्द सुटा करून. "खारोबाचा मैदान, पाटणकरांच्या कर्जासाठी, गहाण टाकूचा काय, म्हाराजा?"

ह्या वेळी गावानं ऐकलं. आधी बायका म्हणाल्या, "नाय म्हाराजा." मग मॅटवरून तन्वीर म्हणाला. करार गेला खड्ड्यात! मग आख्खा उन्हातला गाव. दारातल्या खेकड्याच्या आतूनही आवाज आला, "नाय म्हाराजा."

साहेब धावत आले. "तात्या, देवाला दिलेला शब्द मोडताय! पाप लागेल."

आता बघा हं. पडून राहिलेला माणूस कसा उभा राहिला. तात्या म्हणाले, "साहेब, चोरीचो नारळ देवाक चलता? तसो चोरीचो शब्दही चलत नाय. तोंड माझा होता, शब्द तुमचो. तो मी आज देवासमोरच परत घेतंय. पाप लागला तर माका एकट्याक लागांदे. मैदान मी देवचंय नाय."

मॅडम उठल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं जत्रेची चित्रफीत आहे."

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं कान आहेत." आणि गाडीत बसल्या. पैसे सुटले नाहीत, पाटी उतरली, मॅट त्याच मासळीच्या टेम्पोतून घरी आली.

तर आजोबा, देवासमोरचा शब्द मोडावा का? तुमचा असेल तर प्राण गेला तरी मोडू नका. पण तुमच्या तोंडात दुसऱ्यानं घातला असेल, तर तो थुंकून टाकणं हीच पूजा! आणि दोष एकट्या पाटणकराला देऊ नका. सोसायटीच्या सभेत 'मंजूर, मंजूर' कोण म्हणतं? ग्रामसभेत शेजाऱ्याचा हात वर गेला म्हणून आपला वर कोण करतं? मघाशी सतरंज्यांना 'व्हय' कोण म्हणालं? देवानं कान दोन दिलेत, तोंड एकच. आणि आपण तोंड कामाला लावून कान पेन्शनीत काढलेत! कुणी मोठा माणूस शाल घेऊन आला, तर आधी विचारा, वाक्य काय आहे. कळलं नाही तर म्हणा, कळलं नाही. पटलं नाही तर म्हणा, नाही. देव रागावत नाही. रागावतो तो दुसराच कुणीतरी असतो.

राहता राहिलं एवढंच, की संघ परत आला. जुन्या मैदानावर पहिला सामना ठेवला. प्रथेप्रमाणं रवळूतात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, खेळ सुरू करूचो काय, म्हाराजा?" गाव आता चांगलाच सावध झाला होता. गाव म्हणाला, "नाय म्हाराजा." सामना झाला नाही. सगळे गुण पाहुण्या संघाला देण्यात आले.